कमी विचारा, नीट जपा

दुपारची कामे आटोपली की कितीतरी घरांतून फेसबुकवर साड्यांचे लाइव्ह सुरू होते. विकणारी ताई इरकल, नारायणपेठ, खण असे एकेक उलगडून दाखवते आणि खाली ‘बुक’, ‘बुक’ अशी झुंबड उडते. त्या घाईत एखादी ग्राहक आपले पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक आणि फ्लॅट क्रमांकासकट पत्ता सगळ्यांसमोर लिहून मोकळी होते. लाइव्ह संपते, साडी घरी पोहोचते, नेसूनही होते. तो पत्ता मात्र त्यानंतरही काही दिवस लाइव्हच्या रेकॉर्डिंगखाली तसाच असतो. पुढे कोण ते रेकॉर्डिंग उघडेल आणि कशासाठी, याचा काही नेम नाही. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो, म्हणून तर ही गोष्ट कुणाला खटकतही नाही.

गेल्या काही वर्षांत घरातून विकणाऱ्यांची एक मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. दिवाळीचा फराळ, भाजणी, मसाले, कुरडया, शिवणकाम, शिकवण्या. २०१६ मध्ये यूपीआय आले, २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आले आणि गाळा भाड्याने न घेता धंदा करता येऊ लागला. ज्या बाईला भांडवलाअभावी दुकान टाकता आले नसते, तिच्या हातात चार पैसे येऊ लागले. हे चांगलेच झाले. पण पूर्वी रात्री शटर ओढले की दुकान बंद व्हायचे आणि माणूस घरी जायचा. आता दुकान, घर आणि खासगी फोन एकच आहेत. ग्राहकाची माहिती आपल्या घरात येते आणि आपल्या घराची माहिती ग्राहकाकडे जाते. दोन्ही बाजूंना जपायचे कसे, हे आपल्याला कुणी शिकवले नाही.

जुन्या वाण्याच्या दुकानात उधारीची खतावणी असे. कुणाची किती थकबाकी आहे, कुणाकडे यंदा तेलाचा डबा गेला नाही, हे त्याला पक्के ठाऊक असे. चांगला वाणी ती वही गिऱ्हाइकासमोर उघडी टाकत नसे आणि एकाचे दुसऱ्याला सांगत नसे. त्याला कायद्याची भीती नव्हती. गिऱ्हाइकाची अब्रू सांभाळणे हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. आज ती वही आपल्या फोनमध्ये आहे, आणि तिच्यात थकबाकीपेक्षा बरेच काही आहे: घराचा पत्ता, पार्सल घ्यायला घरी कोण असते, कोणत्या वेळी असते, ब्लाउजची मापे, कधी कधी तर मुलांच्या वाढदिवसाच्या तारखासुद्धा.

ही वही आपण किती सहज उघडी टाकतो, ते पाहा. सगळ्या ग्राहकांना मिळून एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतो. त्याच क्षणी प्रत्येकीचा क्रमांक बाकी सगळ्यांच्या हाती जातो. ब्रॉडकास्ट लिस्ट केली, तर तोच निरोप प्रत्येकीला स्वतंत्र पोहोचतो. ग्राहकाने आपला क्रमांक जतन केलेला असला की पुरे. कुणी कौतुकाचा मेसेज पाठवला, की त्याचा स्क्रीनशॉट नावा-क्रमांकासकट स्टेटसला लावतो. पाठवायच्या पार्सलांच्या ढिगाचा फोटो टाकतो, त्यात वरच्या खोक्यावरचा पत्ता स्वच्छ वाचता येतो. कौतुक दाखवावे, जरूर दाखवावे. आधी त्या व्यक्तीला विचारावे आणि क्रमांक झाकावा, एवढेच. लाइव्हमध्येही सुरुवातीलाच सांगता येते, “कमेंटमध्ये फक्त साडीचा नंबर लिहा, पत्ता मला मेसेजमध्ये पाठवा.”

याच्याही आधीचा प्रश्न आहे तो मागण्याचा. पार्सल पाठवायला नाव, पत्ता आणि फोन लागतो. जन्मतारीख कशाला लागते? शिकवणीच्या प्रवेशासाठी आईवडिलांच्या आधार कार्डांचे फोटो कशाला? छापील अर्जात तो रकाना असतो, म्हणून आपण विचारतो आणि समोरचा देतो. बिल देण्यासाठी ग्राहकावर मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, असे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला दुकानदारांना बजावून सांगावे लागले. ओळखपत्र खरोखरच हवे असेल, तर आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती मागावी. जी माहिती घेतलीच नाही, ती आपल्या हातून हरवत नाही आणि चोरालाही सापडत नाही. काम संपल्यावर जुने पत्ते आणि फोटो पुसून टाकणे हेही दिवाळीआधीच्या आवराआवरीइतकेच नेमाचे असायला हवे.

कायदाही आता याच दिशेने निघाला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी आणि काम संपले की पुसावी, हे त्याचे सार. त्यातली सूट आहे ती निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापराला. घरातून केलेली विक्री तिच्यात बसत नाही. तरीही दंडाच्या धाकाने जपलेली माहिती आणि माणूस म्हणून जपलेली माहिती यांत फरक आहे. पहिली तपासणीपुरती जपली जाते.

आता दुसरी बाजू, विकणाऱ्यांची. ‘ग्राहक हा देव’ अशी पाटी आपण मोठ्या श्रद्धेने लावतो. पण रात्री साडेअकराला “ताई, झोपलात का?” असा मेसेज करणारा आणि साडीऐवजी साडी नेसलेल्या बाईचा फोटो मागणारा माणूस देव नसतो, ग्राहकही नसतो. त्याला उत्तर न देणे, ब्लॉक करणे हा उद्धटपणा नव्हे. नको म्हटल्यावरही पुनःपुन्हा संपर्क साधून बाईचा पिच्छा पुरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेसेज पुसू नयेत. तक्रारीत तोच पुरावा ठरतो. धंद्यासाठी वेगळे सिम घ्यावे. यूपीआय आयडीत आपला मोबाइल क्रमांक असेल, तर तो आयडी बदलून घेता येतो. माल घ्यायला कुणी येणार असेल, तर घराऐवजी सोसायटीच्या गेटवर किंवा ओळखीच्या दुकानात बोलवावे. अशा वेळी “तुमचा विश्वास नाही का?” असे कुणी विचारले, तर “आमची पद्धत आहे” एवढे उत्तर पुरेसे आहे.

फसवणूक करणाऱ्यांचे भांडवल म्हणजे आपला भिडस्तपणा. लष्करी जवान असल्याचे सांगून मोठी ऑर्डर द्यायची, आगाऊ पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावायचा, ही युक्ती जुनी झाली तरी चालते. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. “चुकून जास्त पाठवले, परत करा” असे सांगून बनावट मेसेज दाखवला जातो. स्क्रीनशॉटवर विसंबू नये, खात्यातली शिल्लक पाहावी. ऑर्डरची यादी किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नये. उघडली, तर पैशांबरोबर आपल्या ग्राहकांची यादीही त्या चोराच्या हाती लागू शकते. फसलोच, तर लाज बाळगून गप्प बसू नये. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच वाचतात.

इतकी सावधगिरी बाळगायची, तर आपलेपणा कुठे राहिला, असा प्रश्न मनात येतो. तो रास्त आहे. घरगुती धंदा चालतो तोच ओळखीवर आणि गोड बोलण्यावर. पण पत्ता खासगीत पाठवा असे सांगितल्याने चांगला ग्राहक दुरावत नाही. उलट इथे आपली काळजी घेतली जाते, हे त्याला कळते. जो घाई करतो, भीड घालतो आणि साध्या नियमावर चिडतो, त्याच्याशी व्यवहार न झालेलाच बरा.

या आठवड्यात तुमच्या फोनवरचा ग्राहकांचा ग्रुप एकदा उघडून पाहा. त्यातल्या किती जणींना आपला क्रमांक सगळ्यांना दिसावा, असे वाटत होते, हे स्वतःला विचारा. विचारूनही उत्तर नक्की सांगता येत नसेल, तर तो ग्रुप आजच बंद करा.