पाहणारा कोठे उभा आहे?

पाहणे ही क्रिया आपण निरुपद्रवी मानतो. करणारा तो पापपुण्याचा धनी, पाहणारा नुसता पाहणारा, अशी आपली ढोबळ समजूत असते. देवळात जाणाऱ्या माणसाला मात्र ती पटू नये. आपण देवाला पाहावयास जातो आणि देव आपल्याला पाहतो. दोन्ही मिळून दर्शन होते. प्रतिष्ठेच्या विधीत मूर्तीचे डोळे उघडण्याचा स्वतंत्र संस्कार आहे तो उगाच नव्हे.

हा विचार ज्या विषयावरून सुचला तो काही वाचकांना थिल्लर वाटण्याचा संभव आहे. आपली मुले, आणि आता मुलांचे आईबापही, ज्यात तासन् तास रमतात त्या व्हिडिओ गेमांपैकी रोल-प्लेइंग म्हणून एक प्रकार आहे. त्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याच्याकरवी प्रवास करतो, लढतो, कधी दया करतो, कधी करीत नाही. हे सारे पडद्यावर दाखवावयाचे तर कॅमेरा कोठे तरी ठेवावा लागतो. तो आकाशात ठेवावा, पात्राच्या पाठीमागे ठेवावा, की त्याच्या डोळ्यांतच बसवावा? कारागिरांना हा सोयीचा प्रश्न वाटतो. मला तो नीतीचा वाटतो.

१९८१ साली रिचर्ड गॅरियट या अमेरिकन तरुणाने ‘अल्टिमा’ हा खेळ रचला. त्यात भूमीवर हिंडताना सारा मुलूख वरून, नकाशासारखा दिसतो. पण भुयारात उतरताच दृष्टी पात्राच्या डोळ्यांत शिरते आणि समोरच्या भिंतीपलीकडचे काही दिसेनासे होते. पुढे दोन्ही वाटा वेगळ्या वाढल्या. १९९६ च्या ‘डायब्लो’ने तिरक्या उंचीवरून पाहणे पत्करले, तर २०२० च्या ‘सायबरपंक २०७७’ने पात्राच्या डोळ्यांतून. मधली वाट, म्हणजे पात्राच्या पाठीशी राहून पाहण्याची, २०१५ च्या ‘विचर ३’सारख्या खेळांनी चोखाळली.

वकिली करणाऱ्याला यात नवे काही नाही. फौजदारी खटल्यात घटनास्थळाचा नकाशा येतो. त्यात विहीर, बांध, बाभळीचे झाड आणि मयताची जागा सारख्याच खुणांनी दाखविलेली असते. नंतर साक्षीदार पिंजऱ्यात येतो. त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव सांगू नये, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा दंडक २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही कायम आहे. नकाशाला भय नसते म्हणून तो निःपक्षपाती असतो. साक्षीदाराला भय असते म्हणून त्याचे म्हणणे जिवंत असते. न्यायाधीशाला दोन्ही लागतात. मात्र साक्षीदाराच्या डोळ्यांना एक गोष्ट कधीच दिसत नाही, आणि ती म्हणजे तो स्वतः. डोळ्यांत बसविलेल्या कॅमेऱ्याचे हेच वैगुण्य आहे. शस्त्र दिसते, शत्रू दिसतो, क्वचित आपले हात दिसतात. ते चालविणारा चेहरा चित्रातून गळालेला असतो. कर्म उरते आणि कर्ता अदृश्य होतो.

चित्रणाच्या शैलीचेही असेच आहे. छायाचित्रासारखे हुबेहूब काढले की खरे झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु छायाचित्रात जे आपल्यापासून दूर ते लहान होत जाते. सारे जग एका डोळ्याच्या सोयीने मांडलेले असते. आपल्याकडील पहाडी चित्रांत किंवा पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चित्रकथीत असे होत नाही. तेथे पात्राचा आकार त्याच्या थोरवीवर ठरतो, पाहणाऱ्यापासूनच्या अंतरावर नव्हे. ‘डायब्लो’च्या काळच्या तिरक्या मांडणीतही समांतर रेषा समांतरच राहतात, आणि पडद्याच्या वरच्या कडेचा माणूस खालच्या कडेच्या माणसाएवढाच असतो. दूरचा म्हणून कोणी खुजा ठरत नाही, हा गुण लहान नव्हे.

आता मुख्य वाद. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने रचलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रावर आला. अमेरिकेतील राजन झेद यांनी त्याला हरकत घेतली. ज्या देवाची आपण उपासना करतो त्याच्या हालचाली खेळणाऱ्याच्या हातातील खटक्यांवर चालाव्यात, हा देवाचा उपमर्द होय, असा तिचा आशय होता. भावना समजण्यासारखी आहे. कारण मात्र टिकणारे नाही. माणसाने देवाचे सोंग घेणे आपल्याला कधी वर्ज्य नव्हते. कोकणात जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळी देवळाच्या आवारात विष्णू होतात, शंखासुरही होतात. आमच्या बाजारहत्नूरसारख्या आदिलाबादच्या गावांकडे पाहिले, तर दिवाळीच्या सुमारास दंडारीत मोरपिसांचा भव्य टोप चढविलेला गोंड नर्तक गुसाडी होतो. त्या दिवसांत तो अंघोळ करीत नाही, आणि लोक त्याला देवाच्या ठायी मानतात. या नृत्यासाठी मारलावाईच्या कनक राजू यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. माणसाच्या देहात देव चालतो, तर माणसाच्या अंगठ्याने का चालू नये?

फरक आहे, पण तो दुसरीकडे आहे. दशावतारी नट देवाच्या आणि गावाच्या नजरेखाली नाचतो. गुसाडीभोवती गाव असते, आणि त्याची बेअदबी गावाला तत्काळ कळते. सोंग घेणाऱ्याला कोणी तरी पाहत असते. दार लावून खेळणाऱ्याला कोण पाहते? अंतर्यामी सर्वत्र पाहतोच, असे कोणी म्हणेल, आणि ते मला मान्य आहे. परंतु त्या पाहण्याचे भान राहावे म्हणूनच तर आपण देऊळ बांधले. तेव्हा खेळाने देव खेळणाऱ्याच्या हाती दिला की नाही, हे विचारण्याआधी त्याने खेळणाऱ्याला कोणाच्या नजरेखाली ठेवले, हे विचारावे.

या कसोटीवर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा २०२० चा ‘राजी’ मला वरचढ वाटतो. काटेकोर अर्थाने तो रोल-प्लेइंग नव्हे, साहसाचा खेळ आहे. जत्रेत कसरती करणारी राजी असुरांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधीत निघते. रंगकाम पहाडी चित्रांच्या वळणाचे असून मधले कथाभाग छायाबाहुल्यांनी सांगितले आहेत. देव तिला त्रिशूळ आणि धनुष्य देतात, पण खेळणाऱ्याच्या हाती देव नाही, एक मुलगी आहे. कॅमेरा उंचावर असतो आणि तो फिरविण्याची मुभा खेळणाऱ्याला नाही. कधी तो इतका मागे सरतो की प्रचंड तटबंदीवर राजी मुंगीएवढी होते. आणि कथा सांगतात ती दुर्गा आणि विष्णू, आपापसांत बोलत, तिची चिंता करीत.

म्हणजे ती उंचीवरची दृष्टी त्या दोघांची आहे, आणि खेळणारा तेवढा वेळ त्यांच्या शेजारी बसलेला असतो. झेद यांच्या हरकतीपेक्षा हे आसन अधिक धाडसाचे म्हणावे लागेल. तेथून राजीच्या चारी बाजूंनी चालून येणारे असुर दिसतात, तिची धडपड दिसते, आणि उडी चुकून ती कड्यावरून खाली गेली, तर चूक तिची नसून आपल्या अंगठ्याची होती, हेही दिसते. ती पुन्हा उभी केली जाते. दुर्गा आणि विष्णू पाहतच असतात.