पाहणे, हसणे आणि रिकाम्या खुर्च्या

जोडीदाराची निवड हा हास्याचा विषय होऊ शकतो की नाही, हा प्रश्न मराठी रंगभूमीने केव्हाच निकालात काढला आहे. ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकात देवलांनी जरठ वराला हास्यास्पद केले, तेव्हा त्या हास्याची दिशा निश्चित होती. ज्याच्याकडे पैसा आणि समाजाची मूक संमती आहे त्याच्यावर प्रेक्षक हसत होता; जिचा सौदा होत होता तिच्यावर नव्हे. असंगत नाट्याच्या आगमनानंतर मात्र ही दिशा हरवते. तेथे वर, वधू, मातापिता, मध्यस्थ सारेच सारख्याच प्रमाणात हास्यास्पद असतात. अशा वेळी हास्याला नैतिक आशय उरतो काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. जळगाव-धुळे परिसरातील आजच्या विवाहव्यवहाराच्या संदर्भात त्याला निकडीचे रूप आले आहे.

या प्रश्नाचा उत्कट नमुना युजीन आयनेस्कोच्या ‘झाक अथवा शरणागती’ या नाटकात आढळतो. १९५० साली लिहिलेले हे नाटक १९५५ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. कुटुंबाच्या दबावापुढे नमून झाक एका खाद्यपदार्थाविषयीची अपेक्षित आवड उच्चारतो आणि त्याच क्षणी तो विवाहयोग्य ठरतो. बुरख्याआड झाकलेली रॉबर्टा आणली जाते. तिचे आईवडील तिच्या अवयवांची जंत्री वाचतात. बुरखा दूर होतो तो तिला दोन नाके असतात, आणि झाक तिला नाकारतो, कारण त्याला किमान तीन नाकांची वधू हवी असते. मग तीन नाकांची दुसरी रॉबर्टा हजर केली जाते आणि तिची भूमिकाही तीच नटी करते. नाटकाच्या अखेरीस भाषा विरघळते आणि अंधारात केवळ देह व त्यांचे पशुवत् आवाज उरतात.

खानदेशातील वाचकाला या प्रसंगात परके असे फार थोडे आढळेल. मराठीत ‘देखणी’ म्हणजे सुंदर, तर अहिराणीत ‘देखणं’ हे पाहण्याचे साधे, रोजच्या वापरातले क्रियापद आहे. पाहिले जाणे आणि सुंदर ठरणे या दोन गोष्टी एकाच धातूत नांदाव्यात, ही भाषेची साक्ष विचारात घेण्याजोगी आहे. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात तिने चहा-पोह्यांचे ताट घेऊन यावे, दोन पावले चालावे, काही वाचून दाखवावे, या अपेक्षांना शिष्टाचाराचे नाव असले तरी त्यांचे स्वरूप देहपरीक्षेचे होते. दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात, चाल आणि अंगावरचे भोवरे पाहिले जातात. तेथील व्यवहार निदान स्वतःला शिष्टाचार म्हणवत नाही. शारीर विनोदाचे सामर्थ्य नेमके येथे आहे. तो संवाद काढून घेतो, आणि संवाद गेला की समर्थनही जाते. ताट, पावले, खाली घातलेली मान आणि समोरच्या रांगेतील डोळे एवढेच रंगमंचावर उरले, म्हणजे परीक्षा ही परीक्षा म्हणून दिसू लागते.

परंतु येथेच एक पेच उद्भवतो. ती परीक्षा दाखविण्यासाठी रंगभूमीलाही एक देह पाहणाऱ्यांसमोर उभा करावा लागतो. तीन नाकांच्या रॉबर्टाला हसणारा प्रेक्षक झाकच्या कुटुंबीयांच्याच बाकावर बसलेला असतो. ‘हास्य’ या १९०० सालच्या ग्रंथात बर्गसाँने हास्यासाठी हृदयाची क्षणिक बधिरता आवश्यक मानली आहे. तीच बधिरता विवाहाच्या बाजारात मुलगी नाकारणाऱ्यालाही लागते. मग फार्स त्या बाजाराची चिकित्सा करतो, की त्याची तालीम घेतो?

या पेचातून वाट काढण्याची एक रीत लोकरंगभूमीला ठाऊक होती. तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवली जाते. स्त्रीपुरुषांच्या छेडाछेडीचा हा मराठीतील एक जुना शारीर फार्स होय. त्यात पेंद्या आपली वेडीवाकडी चाल स्वतःच प्रेक्षकांपुढे मांडतो आणि पदर सावरणारी मावशी हा उघडपणे पुरुष असतो. ज्याच्या देहावर हसायचे त्याच्याच हाती हास्याची सूत्रे असतात. तो प्रेक्षकांकडे वळून त्यांनाही टोमणा मारतो. १९७९ पासून रंगमंचावर आलेल्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात लक्ष्मण देशपांडे यांनी याच सूत्राचा वेगळा विस्तार केला. एकटा नट बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करतो, तेव्हा वधूपक्ष आणि वरपक्ष, पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच देहातून येतात. कोणा एकाला वेगळा काढून हसण्याची सोयच प्रेक्षकाला राहत नाही. यातून एक निकष हाती येतो: पाहणाऱ्यालाही जो पाहिले जाण्याच्या जागी आणून बसवतो, तो फार्स नैतिक दृष्ट्या निर्दोष होय.

खानदेशातील वर्तमान वास्तव मात्र या निकषालाही पुरून उरते. ठिकठिकाणी भरणाऱ्या वधूवर परिचय मेळाव्यांत आता तरुणही मंचावर येतात, ध्वनिक्षेपकासमोर नाव, शिक्षण, उंची, नोकरी आणि बागायतीचे एकर सांगतात आणि खाली उतरतात. ‘शेती हवी, शेतकरी नको’ हे वाक्य केळीच्या बागा असलेल्या घरांतही ऐकावे लागते. मोबाइलच्या पडद्यावर तर परीक्षकाचा सारा देह एका अंगठ्यापुरता आकुंचित होतो. छायाचित्र बाजूला सरकते आणि नाकारलेल्याला त्याची वार्ताही नसते. वरवर पाहता येथे निकषाची पूर्तता झालेली आहे. पाहणारा आता पाहिला जातो आहे. पिढ्यान्‌पिढ्या जी मान मुलींनी खाली घातली, ती आता मुलांना खाली घालावी लागते, आणि या उलटापालटीला काव्यात्म न्याय म्हणून हसण्याचा मोह कोणालाही होईल.

हा मोह आवरण्याचे कारण एका आकड्यात आहे. २०११ च्या जनगणनेच्या अंतिम आकड्यांनुसार जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. ती मुले आता विवाहयोग्य वयाच्या उंबरठ्यावर आहेत. मंचावरच्या तरुणाला जो नकार मिळतो, त्यामागे मुलींची वाढलेली अपेक्षा आहे तशी मुलींची अनुपस्थितीही आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि केंद्राने १९९४ साली. म्हणजे या मुलांच्या जन्माच्या वेळी निषेध कागदावर होता, आणि कुटुंबांच्या निर्णयात नव्हता. ज्या मुलींना पाहिले जाण्याची वेळही येऊ दिली गेली नाही, त्यांच्या जागेवर आजची विनोदी परिस्थिती उभी आहे. उलटापालटीतून न्याय झाला असे म्हणण्यासाठी ज्यांची साक्ष घ्यायची, त्याच सभागृहात नाहीत.

आयनेस्कोच्याच ‘खुर्च्या’ (१९५२) या नाटकात वृद्ध दांपत्य अदृश्य पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत जाते आणि रंगमंच रिकाम्या खुर्च्यांनी भरून जातो. त्या खुर्च्यांतील शून्यता पारभौतिक मानली जाते; ती मानवी स्थितीची खूण ठरते, आणि म्हणून तिला कोणी उत्तरदायी नसतो. हीच रचना परिचय मेळाव्यावरील एखाद्या असंगत फार्समध्ये योजली, तर हजार वरांसमोर १५८ खुर्च्या रिकाम्या राहतील. त्या शून्यतेला मात्र कर्ते आहेत. कोणी सोनोग्राफी केली, कोणी पैसे मोजले, कोणी गप्प राहिले. या शून्यतेला नियती म्हणणे म्हणजे पाश्चात्त्य युद्धोत्तर निराशेची परिभाषा उसनी घेऊन स्थानिक अपराधाला तत्त्वज्ञानाचा दर्जा देणे होय. असंगतता कोठे अस्तित्वाची आहे आणि कोठे कृतीची, हा भेद न करणारा विनोद कितीही कौशल्यपूर्ण असला तरी नैतिक दृष्ट्या आळशी असतो.

यावर असा आक्षेप संभवतो की रंगभूमी हे समाजशास्त्राचे टिपण नाही. कारणे सांगू लागला की फार्स प्रचार होतो. आक्षेप बळकट आहे, आणि उपदेशाने कोसळलेल्या नाटकांची उदाहरणे मराठीत कमी नाहीत. परंतु कारण उच्चारणे आणि कारणासाठी जागा मोकळी ठेवणे यांत अंतर आहे. संगीतखुर्चीच्या खेळात खुर्ची कमी का, हे खेळणारा विचारीत नाही, कारण तो खेळाचा नियमच असतो. त्याच खेळात एखादा धावता धावता थांबून खुर्च्या मोजू लागला, तर एकही शब्द न बोलता नियमाचे रूपांतर प्रश्नात होते. शारीर विनोदाला भाषणाची गरज पडत नाही. थांबलेला एक देह त्याला पुरतो. आणि तो देह प्रेक्षागृहाकडे तोंड करून मोजू लागला, म्हणजे पेंद्याची जुनी युक्ती नव्या कामी आली असे म्हणता येईल.

धुळ्यात १९२६ साली निधन पावलेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहून विवाहाला सनातनत्वाच्या आसनावरून खाली आणले. त्यांची अनुमाने आज सर्वस्वी स्वीकारता येत नाहीत. परंतु विवाहाच्या ज्या रीती आज स्वयंसिद्ध भासतात त्या कधीतरी माणसांनी घडविल्या, ही त्यांची दृष्टी विनोदकारालाही उपयोगी आहे. जे घडविले गेले त्यावरच अर्थपूर्ण रीतीने हसता येते, कारण तेच वेगळेही असू शकले असते. जे तसेच असणार होते त्यावरचे हसणे शेवटी सुस्कारा ठरते. परिचय मेळाव्यात आपला क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहणारा तरुण हास्यास्पद असेलही. त्याच्यावर हसण्याचा अधिकार रंगभूमीने जरूर बजावावा, पण त्याच्या समोरची खुर्ची रिकामी का आहे, हे विचारण्याची जबाबदारी त्या अधिकारातच येते.