तरणे

काही शब्द रोजच्या वापराने इतके गुळगुळीत होतात की ते जिभेवरून घरंगळून जातात आणि त्यांचा स्पर्शही आपल्याला जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी, जिथे त्यांची मुळीच अपेक्षा नव्हती अशा ठिकाणी, तेच शब्द पुन्हा टोकदार होऊन तळहाताला लागतात. 'तरणे' हा माझ्यासाठी तसा शब्द. कीर्तनात तो असंख्य वेळा ऐकला, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आजारपणात आणि अडीअडचणीत ऐकला, भवसागराच्या जोडीने तर तो इतका ऐकला की सागर आणि तरणे हे दोन शब्द मनात एकमेकांना चिकटूनच बसले. पण त्याचे आतले पदर मला उलगडून दाखवले ते बोरिवलीच्या आमच्या घरी, एका रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलाभोवती कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे घेऊन बसलेल्या पाच मुलांनी.

त्यांच्या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. एकजण 'डीएम' होतो, म्हणजे त्या काल्पनिक जगाचा सूत्रधार. तो काय दिसते, काय ऐकू येते ते सांगतो, आणि बाकीचे आपापल्या कागदावर लिहिलेल्या पात्राच्या वतीने आपण काय करतो ते सांगतात. जिथे परिणाम अनिश्चित असेल तिथे फासा बोलतो. त्या दिवशी डीएम होता माझा नातू, आणि त्याने काढले होते या खेळातले सर्वांत भीतिदायक समजले जाणारे भुयार, 'टूम ऑफ हॉरर्स'. आपली पात्रे कशालाही पुरून उरतील अशी बढाई मारणाऱ्या खेळाडूंसाठी गायगॅक्सने ते रचले. 1975 साली बाल्टिमोरच्या 'ओरिजिन्स' संमेलनातल्या स्पर्धेत ते खेळवले गेले आणि 1978 साली छापून आले. एका मृत मांत्रिकाची ती समाधी, आणि तिच्यात राक्षस थोडे, सापळे फार. टेकडीच्या पोटात शिरायला तीन वाटा, त्यांतल्या दोन खोट्या: एकीत छत कोसळते, दुसरीत एक अजस्र शिळा सरकत येऊन मागची वाट बंद करते.

त्या टेकडीपाशी उभी राहून मुले म्हणाली, ''चला, उतरू या.'' मी तिथेच थांबलो. संस्कृतातला तॄ हा धातू फार मोठ्या कुटुंबाचा मूळपुरुष आहे. तरणे त्याचेच, तारणे त्याचेच, नदीचा उतार म्हणजे तीर्थही त्याचेच, आणि वरून खाली येणे म्हणजे अवतरणे, तेही त्याचेच. ज्या शब्दाने आपण वाचणे सांगतो त्याच शब्दाच्या घरात खाली उतरणेही राहते, हे किती अर्थपूर्ण आहे! काठावर बसलेल्याला कोणी तरला असे म्हणत नाही. तो नुसता कोरडा असतो. आपल्या उपनगरांतच पाहा. जोगेश्वरीचे लेणे इसवी सनाच्या 6व्या शतकातले. आज भोवती दाट वस्ती आहे, आणि देवीच्या दर्शनाला जायचे तर रस्त्याच्या गजबजाटातून पायऱ्या उतरून कातळाच्या पोटात, अंधारात आणि ओलाव्यात शिरावे लागते. तिथे उतरताना डोळे अंधाराला सरावेपर्यंत जो एक क्षण पाऊल अडखळते, त्या क्षणाला मी लहानपणी घाबरत असे. आता वाटते, दर्शनाची सुरुवात त्या अडखळण्यातच होते.

धातुपाठात या धातूचे दोन अर्थ दिले आहेत: तरंगणे आणि ओलांडणे. हे दोन अर्थ वेगळे आहेत याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. तरंगणारा जिवंत असतो, पण तो कुठे पोहोचतोच असे नाही. ओलांडणाऱ्याला तरंगावे तर लागतेच, शिवाय दिशाही ठेवावी लागते. मुलांच्या कागदावर 'हिट पॉइंट' नावाचा एक आकडा असतो, तो शून्यावर आला की पात्र कोसळते. आणि दुसरीकडे मशालींची नोंद असते, एक मशाल एक तास जळते. आकडा जपायचा तर थांबावे, विश्रांती घ्यावी, प्रत्येक फरशी दहा फुटी काठीने ठोकून पाहावी. पण मशाली सरत असतात. नुसते तरंगत राहायचे म्हटले तर अंधार गाठतो, नुसते ओलांडायला धावले तर पायाखालची फरशी उघडते. या दोहोंच्या मधली जी चाल त्या मुलांनी हळूहळू शोधली, सावध पण न थांबणारी, तिच्यासाठी आपल्या भाषेत तरणे याहून नेमका शब्द मला सापडत नाही.

आता या कुटुंबातला एक शब्द ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल: प्रतारणा. फसवणूक, दगा. तोही याच धातूचा, नुसता 'प्र' लागला आणि तारणारा हात बुडवणारा झाला. त्या समाधीत लांब दालनाच्या टोकाला भिंतीवर एक हिरवा भयानक मुखवटा आहे, त्याचे तोंड उघडे, आत निव्वळ काळोख. आत शिरले की पुढचे दालन असेल असे वाटते. खरे तर तिथे एक असा काळा गोल आहे की त्याला जे शिवेल ते कायमचे नाहीसे होते, तिथे फाशालाही बोलायची संधी नाही. एक मुलगा म्हणालाच, ''मी आत जातो.'' शेजारची म्हणाली, ''आधी काठी घाल.'' त्याने काठी घातली. माझ्या नातवाने चेहरा जराही न बदलता सांगितले, ''काठी बाहेर आली. तीन फूट कमी.''

टेबलावर जी शांतता पसरली ती मला देवळातल्या शांततेसारखी वाटली, आणि हे मी पूर्ण विचाराने म्हणतो. कारण त्या एका वाक्यात सूत्रधाराचा सगळा धर्म होता. समाधी फसवते, पण समाधीविषयी सांगणारा फसवत नाही. मांत्रिकाची प्रतारणा त्याने जशीच्या तशी पुढे ठेवायची, तिच्यात आपली भर घालायची नाही आणि दयेपोटी तिची धारही कमी करायची नाही. गायगॅक्सच्या त्या पुस्तकासोबत खेळाडूंना दाखवायला चित्रांची एक वेगळी पुस्तिका होती. हिरवा मुखवटा त्यांना डोळ्यांनी दिसावा, काळोख दिसावा, आणि तरीही निर्णय त्यांचा राहावा म्हणून. सत्य सांगणाऱ्याच्या भरवशावर असत्याच्या घरात उतरणे, हे मला परमार्थापासून फार दूरचे वाटत नाही. संतांनी मायेविषयी जे सांगितले ते याच रीतीने सांगितले: माया नाही असे म्हटले नाही, तिच्यात काठी घालून पाहा असे म्हटले.

तरणे आणि तारणे यांत एका मात्रेचा फरक आहे. त या अक्षराला काना लागला की क्रिया दुसऱ्यासाठी होते. हा काना कोणी द्यायचा, हा त्या दुपारचा खरा प्रश्न ठरला. पुढच्या दालनात जमिनीत खड्डे आहेत, त्यांत विषारी सुळे. दुसऱ्या मुलीचे पात्र त्यात कोसळले, आकडा शून्य झाला. आता नियम असा, 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीपासूनचा: प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, 10 किंवा अधिक आले तर यश, कमी आले तर अपयश, तीन यशांनी जीव टिकतो, तीन अपयशांनी जातो. वीसपैकी 11 बाजू जगण्याच्या, 9 मरणाच्या. याला मुले 'डेथ सेव्ह' म्हणतात. तिने फासा टाकला: 6. दुसऱ्या पाळीला 3. ती माझ्या नातवाची वर्गमैत्रीण. त्याला वाटले असते तर तो म्हणू शकला असता की सुळ्यावरचे विष जुने झाले होते, तू वाचलीस. डीएमच्या हाती सगळे असते. त्याने तसे केले नाही. त्याचे ओठ घट्ट मिटले होते आणि कान लाल झाले होते, पण तो गप्प राहिला.

मी त्याच्या बाजूने मनात बरेच दिवस विचार केला आहे. ज्याने बुडू दिले नाही त्याने तारले, असे आपण सहज म्हणतो. पण ज्या पाण्यात कोणी बुडूच शकत नाही ते पाणी तरून जाणे म्हणजे काय? बँकेत दागिना ठेवून कर्ज घेतो त्यालाही आपण 'तारण' म्हणतो. जे गमावले जाऊ शकते तेच तारण ठरते, खोट्या दागिन्यावर कोणी पैसे देत नाही. त्या मुलीने आपल्या पात्राचा जीव तारण ठेवला होता. सूत्रधाराने तो गुपचूप परत केला असता तर तिची आधीची सगळी सावधगिरी, ठोकून पाहिलेली प्रत्येक फरशी, खोट्या नाण्यासारखी झाली असती. म्हणून काना त्याने द्यायचा नव्हता.

तो दिला काठीवाल्या मुलाने. तो म्हणाला, ''मी दोर बांधून खाली उतरतो.'' बाकीचे ओरडले की खाली आणखी सुळे असतील, विष असेल, तूही जाशील. तो उतरला. जखम बांधायला त्यालाही फासा टाकावा लागला, 10 हवे होते, 14 आले. पात्र मेले नाही. बेशुद्ध, पण स्थिर. अवतार शब्दाचा जो अर्थ आपण दशावतारांच्या चित्रांपुढे हात जोडून मान्य करतो, तारण्यासाठी खाली उतरणे, तो मी त्या क्षणी एका नववीतल्या मुलाच्या तोंडून क्रियापद होऊन ऐकला. 1985 साली रिचर्ड गॅरियटने 'अल्टिमा' मालिकेतल्या चौथ्या संगणक-खेळात आपला हा शब्द घेतला, आणि आज जगभर खेळाडूच्या पडद्यावरच्या रूपाला अवतार म्हणतात. पण नुसते रूप धारण करण्याने तो शब्द पुरा होत नाही, दोर धरून खड्ड्यात उतरल्यावर होतो.

याच्या उलट उदाहरणही या समाधीच्या इतिहासात आहे. रॉब कुंत्झ या खेळाडूचे रॉबिलार नावाचे पात्र तिथून जिवंत बाहेर आले, म्हणून त्याची कीर्ती आहे. पण त्याने आपले ऑर्क नावाचे राक्षसी सेवक पुढे घातले आणि सापळ्यांचे घाव त्यांच्यावर घेतले. तो वाचला हे खरे. तो तरला असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. अभिमन्यूची कथाही मला आता वेगळी ऐकू येते. त्याला बाहेर पडणे ठाऊक नव्हते, हे आपण मुलांना सांगतो. पण त्याने तसे सांगितलेच होते, आणि मागोमाग येण्याचे वचन घेऊनच तो व्यूहात शिरला होता. जयद्रथाने मागच्यांना दारात अडवले, दोर मध्येच तुटला, आणि तो एकटा पडला. त्याच्यापाशी शौर्य कमी नव्हते, काना देणारे कमी पडले.

राहिला आपला घरगुती शब्द, निस्तरणे. हा शब्द आया वापरतात, बहुधा रागात: ''केलंस ना, आता तूच निस्तर.'' पण त्याचा अर्थ पूर्णपणे पार पडणे असाच आहे, आणि त्यात चूक आपली होती ही कबुलीही आहे. खड्ड्यात पडलेल्या मुलीने आधी त्या फरशीवर काठी ठोकली नव्हती, घाईने पुढे गेली होती. कोणी तिला ते ऐकवले नाही. पुढचा अर्धा तास बाकीचे तिघेजण ते बेशुद्ध पात्र आळीपाळीने खांद्यावर घेऊन, मागे वळून, आलेल्या वाटेवरच्या खुणा शोधत चालले, आणि तिने आपल्या कागदावर बारीक अक्षरांत प्रत्येकाचे नाव लिहून घेतले, कोणी किती पावले वाहून नेले ते.

संध्याकाळी साडेसातला खेळ थांबला तेव्हा ते समाधीच्या बाहेर पडले नव्हते आणि मांत्रिकापर्यंतही पोहोचले नव्हते. सगळे गेल्यावर नातू फासे पिशवीत भरत होता. मी विचारले, ''तिसरा फासाही कमी पडला असता तर?''

''तर गेली असती,'' तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, ''पण मी त्याचं वर्णन नीट केलं असतं, आजोबा. खूप नीट.''

टेबलावर त्यांची नोंदवही तशीच उघडी होती. तीन मशाली शिल्लक, एक दोर, काठी सात फूट.