भिंतीवरची रिकामी जागा

मार्शल आर्ट्स चित्रपटांबद्दलची एक तक्रार ठरलेली असते : दृश्यं देखणी, पण गोष्ट पातळ. जणू गोष्ट म्हणजे जेवण आणि छायाचित्रण म्हणजे ताटाभोवतीची रांगोळी. झांग यिमोचा 'हीरो' (२००२) पाहिल्यावर ही विभागणी टिकत नाही.

ख्रिस्तोफर डॉयलने चित्रित केलेल्या या चित्रपटात एकच हकिगत पुन्हा पुन्हा सांगितली जाते. निनावी योद्धा चिनच्या राजाला सांगतो ती लाल. राजाला तिच्यात खोट दिसते, म्हणून तो स्वतः रचतो ती निळी. खरी पांढरी, आणि तिच्या पोटातली जुनी आठवण हिरवी. कोणाच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे इथे रंग सांगतात. छायाचित्रणच कथन करतं. मग तक्रार करायचीच, तर वेगळी करायला हवी.

राजा दहा पावलांवर असूनही योद्धा त्याला मारत नाही. सगळी राज्यं एक करून लढाया थांबवणारा हाच, असं त्याला पटलेलं असतं. त्यानंतर राजाच्या हुकुमाने त्याच्यावर बाणांचा पाऊस पडतो. पडद्यावर दिसते बाणांनी भरलेली भिंत आणि मधोमध माणसाच्या आकाराची रिकामी जागा. रक्त नाही, देह नाही. डोळ्यांना ते चित्र सुखावतं. 'ऐक्यासाठी एवढी किंमत द्यावीच लागते' असं कुणी संवादात म्हटलं असतं, तर आपण वाद घातला असता. चित्राशी वाद घालायचं सुचत नाही. ती पोकळी राजावरचा आरोपही ठरू शकली असती. पण लगेच योद्ध्याला वीराचा अंत्यसन्मान मिळतो आणि आरोप मिटतो.

हौ शाओ-शिएनच्या 'द असॅसिन'मध्ये (२०१५) नवव्या शतकातली एक मारेकरी स्त्री अशाच कारणासाठी सत्ताधाऱ्याला सोडते : तो मेला तर त्याचा लहान मुलगा आणि प्रांत, दोघांची धूळधाण होईल. तिथली गोष्ट तर 'हीरो'पेक्षाही धूसर. पण मार्क ली पिंग-बिनचा कॅमेरा तिच्यासारखाच रेशमी पडद्याआड थांबून पाहत राहतो. पडदा हलतो, माणसं पुसट होतात, पुन्हा स्पष्ट होतात. मारायचं तर समोर फक्त लक्ष्य दिसावं लागतं; इतका वेळ पाहिल्यावर तिला कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी नवरा दिसू लागतो. तिचा नकार तिच्या तोंडून येण्याआधी आपल्या डोळ्यांना पटलेला असतो.

दोन्ही चित्रपट सुंदर आहेत, दोघांतला निर्णयही सारखा. एकातलं सौंदर्य माणूस नाहीसा करतं, दुसऱ्यातलं त्याला समोर आणतं. म्हणून 'दृश्य की गोष्ट' यापेक्षा हे दृश्य पाहताना आपल्या नजरेआड काय गेलं, हे विचारावं. 'हीरो' मला आजही आवडतो. त्या भिंतीपुढे मात्र आवडणं जरा थांबवावंसं वाटतं. तिथे एक माणूस उभा होता.