भाषेचा वारस कोण?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे दोन प्रश्न आमच्या पाचवीला पुजलेले आहेत. मराठी मित्र विचारतात, "तुमची भाषा तर उर्दू, मग मराठीत कसे काय लिहिता?" आणि आमचे काही बांधव विचारतात, "अपनी जबान छोडकर उनकी जबान में क्यूँ?" प्रश्न विचारणारे वेगळे असले, तरी दोघांचे गृहीतक एकच आहे. भाषेला धर्म असतो, आणि जो त्या धर्माचा तोच त्या भाषेचा वारस. हे गृहीतक कितपत खरे आहे? ते तपासण्यासाठी आम्हाला एका मेलेल्या भाषेची गोष्ट सांगावीशी वाटते.

इ.स. 711 मध्ये तारिक बिन झियाद समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरला. त्या भूमीवर त्याआधी कित्येक शतके रोमनांचे राज्य होऊन गेले होते आणि लोकांच्या तोंडी लॅटिनपासून निघालेली बोली होती. आलेले अरब आणि बर्बर संख्येने थोडे होते. पुढच्या दोन-तीन शतकांत स्थानिकांपैकी बहुसंख्य लोक मुसलमान झाले. पण कलमा पढल्याने आईची भाषा बदलत नाही. घरात, बाजारात, शेतात तीच बोली चालू राहिली. अरबी लेखक तिला 'अजमिया' म्हणत, कधी 'लतीनिया'. अजम म्हणजे अरब नसलेले, हे उर्दू वाचकाला सांगायला नको. मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी असे तिघेही ही अजमी बोलत. कोर्दोबाचा खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याची आई ख्रिस्ती कुळातली होती आणि आजी बास्क राजघराण्यातली. तिथल्या राजवाड्यात नुसती अरबीच ऐकू येत असेल, असे मानणे कठीण आहे.

कोर्दोबाचा थोर विद्वान इब्न हज्म (994–1064) याने अरब घराण्यांच्या वंशावळींचा ग्रंथ लिहिला. त्यात बली नावाच्या कबिल्याबद्दल तो मुद्दाम नोंदवतो की या लोकांना, त्यांच्या बायकांना आणि पुरुषांनाही, लतीनिया नीट येत नाही, ते फक्त अरबीच बोलतात. ही नोंद आम्हाला फार बोलकी वाटते. अरब माणूस अरबी बोलतो यात नोंदवण्यासारखे काय? पण अरब वंशाचे इतर लोकही अजमी बोलत असतील, तरच बलींचे वेगळेपण नोंदवण्याजोगे ठरते.

उलट बाजूही आहे. 854 च्या सुमारास कोर्दोबाच्याच अल्वारो नावाच्या ख्रिस्ती लेखकाने तक्रार केली की आमची तरुण मुले अरबी कवितेच्या नादी लागली आहेत आणि त्यांना लॅटिनमध्ये साधे पत्रही धड लिहिता येत नाही. आपल्या पोरांची भाषा बिघडली, ही तक्रार किती जुनी आहे पाहा! अरबीची ओढ ख्रिस्त्यांना होती आणि अजमीचा लळा मुसलमानांना. धर्माच्या सीमा आणि भाषेच्या सीमा एकमेकींवरून सर्रास जात होत्या.

मग या भाषेचे झाले काय? अकराव्या शतकाच्या अखेरीस मुराबित आणि त्यांच्यामागून बाराव्या शतकात मुवह्हिद यांची कडक राजवट आली. 1126 मध्ये अनेक ख्रिस्त्यांना मोरोक्कोत हद्दपार केले गेले, तर बरेच जण उत्तरेकडे निघून गेले. मुसलमानांच्या घरात अरबी आणखी पक्की झाली. दुसरीकडून ख्रिस्ती राजे खाली सरकत होते. 1085 मध्ये तोलेदो, 1147 मध्ये लिस्बन, 1236 मध्ये कोर्दोबा, 1248 मध्ये सेविल त्यांनी घेतले. त्यांच्याबरोबर कॅस्टिलियन, पोर्तुगीज आणि कॅटलान आल्या. या तर अजमीच्या सख्ख्या बहिणीच! पण राज्य, चर्च आणि कचेरी हातात असलेल्या बहिणींनी या गरीब बहिणीला पोटात घेतले. तेराव्या शतकाच्या आसपास तिचा मागमूस संपतो. म्हणजे अरबीने तिला एका बाजूने संपवले आणि तिच्या आप्तांनी दुसऱ्या बाजूने. धर्म हाच भाषेचा रक्षक असता, तर ख्रिस्ती राज्य आल्यावर ती वाचायला हवी होती. ती वाचली नाही.

तिची आठवण मात्र राहिली, आणि तीही नवलाच्या ठिकाणी. अंदलूसमध्ये 'मुवश्शह' नावाचा काव्यप्रकार जन्मला. सगळी कविता भारदस्त अरबीत, आणि शेवटच्या ओळी, ज्यांना 'खरजा' म्हणतात, त्या बोलीत. कधी बोली अरबीत, तर कधी अजमीत. बहुधा त्या एखाद्या तरुणीच्या तोंडी असतात. ती आईजवळ मन मोकळे करते किंवा आपल्या हबीबला हाक मारते. बाराव्या शतकातला इब्न बस्साम सांगतो की या प्रकाराचा जनक बोलीतले आणि अजमीतले शब्द पाया म्हणून घेई आणि त्यावर कविता उभी करी. यहुदी कवींनी हीच रीत हिब्रूत चालवली. ज्या बायकांची बोली कुणी विद्येच्या पंगतीला बसवली नव्हती, ती अरबी आणि हिब्रू कवितेच्या शेपटाला बांधून टिकली. 1948 मध्ये सॅम्युएल स्टर्न या संशोधकाने हिब्रू कवितांतल्या वीस खरजा उलगडून दाखवल्या, तेव्हा जगाला तिचा आवाज पुन्हा ऐकू आला.

तो आवाजही अर्धवटच. या ओळी अरबी किंवा हिब्रू लिपीत आहेत आणि तिथे ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. आमच्या वर्गात अलिफ-सीन लिहिले की मुले विचारतात, "सर, इस पढें के उस?" जेर-पेश नसेल तर संदर्भावरून ठरवायचे. बोलणारेच उरले नाहीत, तर संदर्भ कोण सांगणार? म्हणून खरजांच्या वाचनावर विद्वानांचे वाद आजही मिटलेले नाहीत. याखेरीज ही भाषा सापडते ती मुसलमान वैद्यांच्या वनस्पतीकोशांत. झाडपाल्याचे अरबी नाव देऊन ते पुढे लिहीत, याला अजमीत अमुक म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी तिला 'मोझारबिक' म्हणजे अरबांच्या राज्यातल्या ख्रिस्त्यांची भाषा असे नाव दिले. एका शब्दाने तिचे मुसलमान आणि यहुदी बोलणारे बेवारस झाले. आता अनेक अभ्यासक 'अंदलूसी रोमान्स' म्हणणे पसंत करतात. नाव चुकले की वारसा चुकतो.

भाषेवर धर्म लादला की काय होते, तेही याच भूमीने पाहिले. सोळाव्या शतकात स्पेनच्या मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती केले गेले. 1567 मध्ये फिलिप दुसरा याने ग्रानादाच्या मोरिस्कोंवर अरबी बोलण्या-लिहिण्याचीही बंदी घातली. इतर अनेक भागांतले मोरिस्को तर अरबी विसरलेच होते. ते आपली दीनची पुस्तके स्पॅनिशमध्येच लिहीत, पण अरबी लिपीत. या लेखनाला 'अल्हमिया' म्हणतात, जुन्या 'अजमिया'चेच ते रूप. 1609 ते 1614 या काळात त्यांना देशाबाहेर काढले. 1884 मध्ये आरागोन प्रांतातल्या अल्मोनासिद गावी एका जुन्या घरात लपवलेली त्यांची हस्तलिखिते सापडली. भाषा राज्यकर्त्यांची, लिपी कुराणाची आणि दुःख त्यांचे स्वतःचे. आपल्याकडेही 1616 मध्ये फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण गोव्यात रोमन लिपीत छापले गेले आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. ही भाषा कुणाची म्हणायची?

आता नैतिक प्रश्नाकडे येऊ. भाषा मरणे हा गुन्हा आहे काय? आम्हाला सरसकट तसे वाटत नाही. भाषा माणसासाठी आहे, माणूस भाषेसाठी नाही. रिक्षा चालवणारा बाप पोराला इंग्रजी शाळेत घालतो तेव्हा तो भाकरीचा विचार करतो. त्याला मादरी जबानचा गद्दार म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. अजमी सोडणाऱ्यांनीही आपापली सोय पाहिली असेल. बंदी घालून जबान कापणे मात्र उघड जुलूम आहे. पण सोय आणि जुलूम यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे शरम. आपल्या आजीची बोली ही भाषाच नव्हे, असे पोराच्या मनावर बिंबवणे. त्यात हुकूमनामा नसतो, शिपाई नसतो, म्हणून त्याचा दोष कुणी अंगाला लावून घेत नाही.

आमच्या वर्गात दखनी बोलणारी मुले आहेत, कोकणी मुसलमानांच्या घरची बोली बोलणारीही आहेत. 'नक्को', 'मैंच' म्हणणाऱ्या मुलाला शुद्ध उर्दूवाले हसतात आणि मराठीवालेही हसतात. खरे तर त्यातला 'नको' आणि तो 'च' मराठीनेच दिलेला आहे. दोन भाषांच्या मिलाफातून जन्मलेले मूल दोन्ही घरांत परके!

सगळ्या बोली वाचतीलच असे वचन कुणीही देऊ शकत नाही. पण त्या जिवंत असताना त्यांची नोंद करणे आपल्या हातात आहे, आणि ती नोंद आपल्याच माणसाने करावी असेही नाही. अंदलूसची अजमी ज्यांनी लिहून ठेवली त्यांच्या विद्येची भाषा अरबी किंवा हिब्रू होती. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, आजीला विचारा. भांड्यांना, नात्यांना, पावसाच्या प्रकारांना, झाडपाल्याला ती काय म्हणते ते वहीत उतरवा. उर्दूत लिहा, देवनागरीत लिहा. आणि शेजारच्या घरची आजी वेगळा शब्द सांगत असेल, तर तोही लिहा.