उपवासाचं फळ

12वं शतक सरत आलं होतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मठात ईस्टरआधीचे उपवास चालू होते. चाळीस दिवस मांस वर्ज्य. तरी रोज संध्याकाळी भटारखान्यातून भाजलेल्या हंसाचा घमघमाट सुटायचा.

नव्यानेच मठात आलेल्या एका पोराने धीर करून विचारलं, "फादर, उपवासाला हंस चालतो?"

"हंस कुठला? फळ आहे ते!" मठाधिपती म्हणाले आणि त्याला किनाऱ्यावर घेऊन गेले. लाटांनी आणून टाकलेल्या ओंडक्याला शिंपल्यांचे घोस लटकत होते. लवचीक देठ, टोकाला निळसर पांढरं कवच आणि फटीतून डोकावणारे पिसांसारखे तंतू. "ही कळी. पिकली की पाण्यात गळते आणि हंस होऊन पोहू लागते. या हंसाचं घरटं पाहिलंय कुणी? अंडं?"

पाहणार कसं? हे काळ्या मानेचे हंस घरटी बांधायचे थेट ग्रीनलँडच्या कड्यांवर. आयर्लंडात यायचे ते थंडीपुरते. आणि ती 'पिसं' म्हणजे बार्नेकल नावाच्या समुद्री जिवाचे पाय, पाण्यातलं अन्न ओढून घेणारे. पण जिभेला हवा असलेला पुरावा मनाला चटकन पटतो. तिथले काही धर्मगुरू उपवासाला हे हंस खुशाल खातात, असं त्याच काळातल्या जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने लिहून ठेवलंय. (आपणही हसावं, पण साबुदाणावड्याची बशी जरा बाजूला सारून.)

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने पोराला फळं आणायला पिटाळलं. तो परतला तो बोटाला चिंधी गुंडाळून.

"काय रे, काय झालं?"

"फळ चावलं."

"कच्चं असेल," आचारी म्हणाला. "बस सोलायला."

पोराने सोललं. आधी पिसं, मग कातडं, मग रक्त. शेवटी हाताला काळीज लागलं. ते बशीत घालून तो मठाधिपतींसमोर उभा राहिला.

"फादर, ही बी. कुठे पेरू?"

मठाधिपतींनी बशीकडे बराच वेळ पाहिलं. "पेरतोस कशाला? मीठ लावून भाजून आण."

पुढे 1215 मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी उपवासाला हा हंस खायची बंदी केली, असं सांगतात. फर्मान मठात पोचलं तेव्हा म्हाताऱ्या मठाधिपतींनी निमूट मान तुकवली. मग आचाऱ्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, "तो पफिन पक्षी दिवसभर समुद्रातच बुड्या मारत असतो, नाही का रे? मग तो मासाच की!"