चमत्कार एक, साक्षी अनेक

एकाच चमत्काराच्या हकीकती भिन्न आढळल्या म्हणजे वाचकांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष विसंगतीवर बोट ठेवून सगळेंच खोटें ठरवितो. दुसरा सर्व हकीकती ओतून एक सुबक कथा बनवितो. दोघांच्याही हातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते, असें आम्हांस वाटतें.

येशूनें पांच भाकरी व दोन मासे यांवर पांच हजार पुरुषांस तृप्त केलें, ही कथा चारी शुभवर्तमानांत आहे. उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांविषयींही चौघांचें एकमत आहे. पण भाकरी कोणाच्या, हें मत्तय, मार्क व लूक सांगत नाहींत. त्या एका मुलाजवळच्या, आणि जवाच्या, म्हणजे गरिबांच्या धान्याच्या होत्या, हें एकटा योहान सांगतो. उलट, स्त्रिया व मुलें त्या संख्येंत धरलीं नव्हतीं, हें एकटा मत्तय सांगतो. दोन्ही साक्षी शेजारीं ठेवाव्या, म्हणजे ध्यानांत येतें कीं, ज्यांस कोणीं मोजलें नाहीं त्यांतल्याच एकाची शिदोरी हजारोंस पुरली. टोपल्यांच्या आश्चर्यांत रमलेल्यास हें दिसत नाहीं.

हीच कसोटी आपल्याकडील एका कथेस लावून पाहावी. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें नामदेवांसाठीं देऊळ फिरलें, अशी श्रद्धा आहे. देवळामागील नंदी त्याचा पुरावा म्हणून दाखवितात. महिपतींच्या ‘भक्तविजयां’त (१७६२) हा प्रसंग कीर्तनमहिम्याच्या रंगांत येतो. त्याहून पूर्वीं, १६०४ सालीं संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथांत, नामदेवांच्या नांवावरील पदांतही तो आहे. तेथें औंढ्याचें नांव नाहीं आणि हांक यादवरायास, म्हणजे कृष्णास आहे. पण तेथें बोलतो तो खुद्द दुखावलेला मनुष्य. हीन जातीचा म्हणून आपणांस भजन करतां करतां उठविलें, शूद्र म्हणून मारलें, असें तो सांगतो. मेल्यावर मुक्ति दिलीस तर ती कोणास कळणार, असें देवास विचारतो. आणि मग देऊळ त्याच्याकडे वळतें.

एकींत स्थळ, दुसरींत जखम. स्थळ धरून जखम सोडली, तर उरते केवळ दगडांची नवलाई. दगड फिरले कीं नाहीं, हा वाद विद्वानांनीं खुशाल घालावा; परंतु ज्यास बाहेर काढलें त्याच्याकडे देव तोंड करतो, या म्हणण्यास आपला होकार आहे कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येक श्रोत्यापुढें राहतो. नंदीस नमस्कार करून उत्तर टाळतां येतें, आणि टोपल्या मोजूनही टाळतां येतें.

म्हणून ख्रिस्ती वाचकानें चार शुभवर्तमानांतील भेदांस भिऊं नये. देवानें एक साक्षी न ठेवितां चार ठेविले, तेव्हां एकाच्या नजरेंतून सुटलेला मनुष्य दुसऱ्याच्या नजरेस पडावा, हाच त्यांतील हेतु आम्ही समजतों. भेद मिटविण्याची घाई केली, तर पहिल्यानें पुसला जातो तो बहुधा तोच मनुष्य.